वेणूला गोळा परत न देण्याचा आदेश मिळावा

प्रति,
मा. तहसीलदार,
तहसील कार्यालय, जव्हार, जि. पालघर.

विषय : शिरपामाळजवळ सापडलेला लोखंडी गोळा तोफेचा आहे काय, हे जाणकारांकडून तातडीने तपासून मिळणेबाबत.

संदर्भ : अर्जदार सोमवारी आपल्या कार्यालयातील बाकावर बसून काही न बोलता परत गेला, ती भेट.

महोदय,

अर्जदार निवृत्त ग्रंथपाल आहे. लोखंडाविषयी त्याला जे ठाऊक आहे ते पुस्तकातले, आणि तेही चुकीचे असू शकते.

१. शेजारच्या गोरखने सोने सापडेल या आशेने धातू शोधण्याचे यंत्र आणले. ते शिरपामाळच्या उतारावर फिरवताना हा गोळा निघाला. "काका, तुम्ही वाचता, हा कसला?" असे त्याने विचारले. अर्जदाराच्या मनात तोफ आली होती. पण हसे होईल म्हणून तो "सांगता येत नाही" एवढेच म्हणाला. "मग शाळेचाच असंल, गोळाफेकीचा," असे म्हणत गोरखने तो शाळेत नेऊन दिला.

२. शाळेतील दाभोसा गावची वेणू त्या गोळ्याने सराव करते. जुन्या गोळ्यापेक्षा हा तिच्या हातून कितीतरी लांब जातो. सगळे टाळ्या वाजवतात. आकार तोच, मग हा हलका कसा, या विचाराने अर्जदाराची झोप उडाली. गंज काढून देतो, या सबबीवर त्याने तो घरी आणला. "चकचकीत करा, आजोबा! शुक्रवारी मोखाड्याला स्पर्धेला न्यायचाय," असे वेणूने बजावले.

३. रॉकेलने घासताना त्यावर बुजवलेले भोक दिसले. गोळा कलताच आत कोरडे काहीतरी सरकले. पोकळ गोळ्यात दारू भरत, असे वाचले आहे. शेजारी शेगडी पेटलेली होती.

४. सोमवारी अर्जदाराने हाच गोळा पिशवीतून आपल्याकडे आणला होता. बाकावर शेजारी एक बाई तान्ह्या मुलाला थोपटत होत्या. आपण पायाशी काय ठेवले आहे, हे तेव्हा डोक्यात शिरले. पिशवी उचलायची भीती आणि तिथे ठेवायचीही. शेवटी उचलली. परतताना पोलीस ठाण्याच्या फाटकाशी उभा राहिला. आत जाववले नाही.

५. गोळा आता परसात पाण्याच्या बादलीत आहे. एक पुस्तक पाण्यात ठेवा म्हणते, दुसरे हलवूच नका म्हणते. पत्नी चंपा हिला कारण न सांगता बहिणीकडे धाडले आहे.

६. शुक्रवारी सकाळी वेणू येईल. ती हसत हात पुढे करील. आजवर अर्जदाराला कोणालाही नाही म्हणता आलेले नाही.

तरी त्याआधी जाणकार पाठवावेत. ते जमत नसल्यास "गोळा देऊ नये" एवढी एक ओळ आपल्या सहीशिक्क्याने द्यावी. अर्जदार ती दारावर चिकटवील. गोळा साधा निघाल्यास लोकांचे हसणे तो सोसेल. मात्र तो पोकळ निघाल्यास, एवढ्या लांब का जात होता हे वेणूला आपणच सांगावे. ते अर्जदाराला जमणार नाही.

आपला नम्र आणि घाबरलेला,
(सही)
उत्तम रामचंद्र अहिरे
जव्हार, बुधवार, दि. १० डिसेंबर २०२५

सोबत : भोकाचे पेन्सिलने काढलेले चित्र. (रेघा वाकड्या आहेत, भोक गोल आहे.)