लांब नळीचा पिंजरा

अमरावती,
११ जून २००७

प्रिय उज्मा,

तुझं पत्र मिळून आठ दिवस झाले. दोनदा उत्तर लिहायला बसलो आणि दोनदा उठलो. तुझ्या थोरल्या भावाला, शाहनवाजभाईंना, आता काठी घेऊनही दुकानापर्यंत जाता येत नाही, हे वाचलं. त्यांनी दुरुस्त केलेली घड्याळं अकोल्यात अजून चालत असतील, आणि त्यांच्या हाताला मात्र स्क्रू धरवत नाही. अंजनगावच्या शाळेतली मुलं तुला उंदीरवाली मॅडम म्हणतात, हे तुझ्या काकीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, बरं हाये, पोरीचं नाव तरी झालं. तुमी बारा वर्सं उंदराइची चाकरी केली, तुमाले कोनी काही म्हनत नाही.

इकडे कॉलेजचं प्राणिघर तसंच आहे. सध्या ससे आहेत. तुझ्यानंतर काळे उंदीर आले नाहीत. गावी जानरावदादा पेरणीसाठी आभाळाकडे बघत बसला आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांपायी पेपरात वऱ्हाडचं नाव अजून रोज असतं, पण आता पहिल्या पानावर नसतं.

तू नवीन आलीस तेव्हा मी विचारलं होतं की एवढ्या उंदरांचे पाय लुळे करून काय मिळवणार. तू रागावली नाहीस. शेतातल्या मोटरच्या वायरचं उदाहरण दिलंस. शरीरातल्या नसांवरही तसंच वेष्टन असतं, आणि भाईंच्या आजारात रोगाशी लढणाऱ्या आपल्याच पेशी ते कुरतडतात; औषध तपासायला तोच आजार तू उंदरांना देत होतीस. मी म्हटलं, मग त्या पेशीच मारून टाकाव्या. तू हसून आमच्या बोलीत म्हणालीस, काका, सगळ्याच जागल्याइले हाकलून देल्लं तं चोर घुसतीन ना वावरात. जो जागल्या बिघडला, त्यालेच धराचं. पुण्याहून बर्फात येणारं ते औषध फक्त बिघडलेल्या पेशी हुडकतं, एवढं मला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून मोझरीला प्रार्थनेला बसलो की भाईंसोबत त्या उंदरांसाठीही हात जोडायचो. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

गेल्या वर्षीचा मे आठवतो का? चार पिंजरे, प्रत्येकात पाच उंदीर. दोन पिंजऱ्यांना औषध, उरलेल्या दोन पिंजऱ्यांना नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय, हे भगवंतराव सरांच्या बंद पाकिटात. शेपटीवर शाईच्या एक ते पाच रेघा. त्या पुसट व्हायच्या म्हणून दर चार दिवसांनी मीच पुन्हा काढायचो. शुक्रवारी तू भाईंना घेऊन नागपूरच्या दवाखान्यात गेलीस, तेव्हा वीसच्या वीस उंदीर चालत होते.

सोमवारी तू परतलीस आणि पिंजरा दोनमधले दोन उंदीर मागचे पाय ओढताना पाहिलेस. महिन्याभरानं पाकीट उघडलं. दोन नंबरला औषध होतं. चार नंबरला मिठाचं पाणी, आणि तिथले पाचही चालत होते. उरलेल्या दोन पिंजऱ्यांत मिठाच्या पाण्यावरचे दोघंच लुळे झाले होते, म्हणजे दोन्हीकडे दोन-दोन. सर म्हणाले, फरक काही दिसत नाही. तू वही मिटलीस, माझ्याकडून चहा मागून घेतलास आणि पूर्ण प्यायलीस. जुलैत तू अंजनगावला गेलीस. मी एसटीत तुझी पेटी चढवून दिली. शनिवारची गोष्ट तेव्हाही सांगितली नाही.

शनिवारी काय झालं ते आता लिहितो. पाय गेले ते चारमधल्या दोघांचे. पारा सेहेचाळीसवर होता. पाण्याच्या नळीपर्यंत त्यांना उठता येईना. वाटी ठेवली तर धडधाकट उंदीर तिच्यात नाचले आणि पाणी भुशात गेलं. पिंजरा दोन तेवढा नवा, बुटक्या झाकणाचा. त्याची नळी पार खाली यायची. ती बाटली दुसऱ्या पिंजऱ्याला बसत नव्हती. तहानलेल्या जिवाला पाणी पाजायचं, एवढंच मला लहानपणापासून शिकवलेलं. मी ते दोघं दोनमध्ये ठेवले. गर्दी नको म्हणून दोनमधले दोन धडधाकट चारमध्ये टाकले, आणि एका पिंजऱ्यात एकच आकडा दोनदा येऊ नये म्हणून शेपटीच्या रेघाही बदलल्या. दोघं पोटावर पडून कितीतरी वेळ पाणी प्यायले. रविवारी परत हलवणार होतो. त्या दिवशी गावात मयत झाली आणि मला जावं लागलं. तिथं जानरावदादाला हे सांगितलं तर तो म्हणाला, मानसं मरून राह्यले अन् तू उंदराइले पानी पाजून राह्यला. मला लाज वाटली. सोमवारी पोहोचलो तोवर तू नोंद घेतली होतीस. म्हटलं, दोन उंदरांनी काय होतं. पाकीट उघडलं तेव्हा कळलं काय होतं ते, आणि मग नोकरीची भीती वाटली. पाणी पाजलं याचा पस्तावा नाही. रेघा बदलल्या आणि वर्षभर गप्प राहिलो, याचा आहे.

तू लिहिलंस की विचारच मुळात चुकला होता, आता चारही वह्या रद्दीत देऊन टाकते. त्या एका ओळीसाठी हे पत्र आहे. कोणत्या पिंजऱ्यात कधी पाणी भरलं याची मी वेगळी वही ठेवत असे. त्यातलं शनिवारचं पान सोबत जोडलं आहे. कोणता उंदीर कुठून कुठं गेला ते त्यावर आहे. आज सकाळी तेच पान सरांना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि विचारलं, हे त्याच दिवशी लिहिलं होतं ना? मी हो म्हटलं. माझ्या नोकरीचं काय ते पुढच्या आठवड्यात कळेल. तुझ्या वह्या मात्र त्यांनी मागितल्या आहेत. औषध लागू पडतं असं मी म्हणत नाही, तेवढं माझं शिक्षण नाही. पण त्या दोघांचे पाय गेले तोवर त्यांना औषधाचा थेंबही मिळाला नव्हता. आणि चारमध्ये टाकलेल्या ज्या दोघांना तो मिळाला होता, ते शेवटपर्यंत चालत होते. वह्या देऊ नकोस, उज्मा.

तुझाच,
खुशालकाका