धक्क्यावरची चप्पल

माय,

मागच्या महिन्यात मी हैदराबाद पाहून आले. आम्ही दोघं बंगळूरला नणंदेकडे गेलो होतो. परत येताना एक गाडी सकाळी हैदराबादला उतरवते आणि पुढची रात्री आहे, म्हणून मधला दिवस हाती आला. हे म्हणाले, "खोली कायले घ्या लागते? सामान ठेसनावर ठेवू अन् शहर पाहून घेऊ." मी हो म्हटलं. कुठे कुठे जायचं ते मला लहानपणापासून पाठ होतं. ते यांना सांगितलं नाही.

तू हैदराबादला जाऊन आलीस ते चुलीपुढे बसून सांगायचीस. नेरचं आपलं घर, परातीत ज्वारीचं पीठ, आणि बोलताना तुझा हात मध्येच थांबतो. तव्यावरची भाकर करपते. आधी चार मिनार, मग बांगड्यांची गल्ली, आणि शेवटी तलाव. "पाण्याच्या मधात बुद्ध उभे हायत वं. मान दुखते पाहून पाहून. पण पाण्याचा वास येते, ढोराच्या भिजल्या कुटारावानी." मी विचारते, "मंग तुनं नाक दाबलं का?" "हट्. बुद्धापुढं नाक दाबतेत का?" बाबा उठून अंगणात जातात.

कापसाच्या पुढच्या वेचणीला तू नव्हतीस. तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बायका भांडी घासत होत्या. मी तिथे बसले आहे हे मावशीच्या लक्षात आलं नाही. ती म्हणाली, "हैदराबाद पाहाले कायची गेलती ते! दवाखान्यात नेलं होतं तिले. लेकरासाठी रचून सांगे बिचारी." मला तुझी चप्पल आठवली. जाताना तुझ्या पायात पट्ट्याची तपकिरी चप्पल होती. आलीस ती निळी रबरी चप्पल घालून, पुरुषांची, टाचेमागे बोटभर उरणारी. तू म्हणालीस, बोटीत बसायला गेले तेव्हा चप्पल गेली. मावशी म्हणाली, वॉर्डाबाहेरून कोणीतरी नेली. खूप वर्षांनी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "काय करतं आता त्या चपलेचं?" आता तेही नाहीत. मला चप्पल नको होती. तिथे तुला एक तरी दिवस मिळाला, की नुसता वॉर्डच होता, एवढंच मला हवं होतं.

शहरात आम्ही खूप चाललो. मिनार पाहिले. बांगड्यांची गल्ली पाहिली, घेतलं काही नाही. दोघांत एक बिर्याणी खाल्ली. हे खुशीत होते. "सस्त्यात झालं ना सगळं?" असं पुन्हा पुन्हा म्हणत होते. तू सांगितलेलं सगळं जागच्या जागी होतं. पण मिनार कॅलेंडरवरही असतात.

ऊन उतरल्यावर तलावावर गेलो. वास आला. ओल्या कुटाराचाच. तरी मी मनाला म्हटलं, हेही तुला कोणी सांगितलं असेल. शेजारच्या खाटेवरच्या बाईने.

बुद्धाकडे जाणारी बोट धक्क्याला लागली. रांग पुढे सरकली. हे आधीच बोटीत जाऊन बसले होते. फळीवर पाय ठेवण्याआधी मी चप्पल काढली आणि कडेला जोडून ठेवली, विहाराच्या पायरीशी ठेवतो तशी. काही ठरवून केलं नाही. तिकीट पाहणारा म्हणाला, "अम्मा, चप्पल पहनो. उतारना उधर है." मग जोडीदाराकडे पाहून हसला. "महाराष्ट्र के हैं. ये लोगां इधरीच उतारते." आणि पुन्हा मला, "बहुत लोगां की गई ऐसे. वापस आते तो रहतीच नई."

मी तशीच उभी राहिले. रचून सांगणाऱ्याला मिनार सुचतो, तलाव सुचतो. बुद्ध अजून पाण्यापलीकडे असताना अलीकडेच चप्पल काढणं सुचत नाही. ते नुसतं होऊन जातं. तू इथे उभी होतीस. आजारी बाईला हात धरून बोटीत बसवणारे बाबा मला तेव्हा पहिल्यांदा दिसले.

तो पुढच्या माणसाकडे वळला. मी अनवाणीच बोटीत गेले. फळी ओली होती. हे माझ्या उजवीकडे होते. डावीकडची जागा रिकामी राहिली. बोट भरली होती, माणसं उभी होती, पण तिथे कोणी बसलं नाही. मी त्या बाजूला पाहिलं नाही. परत येईपर्यंत पाहिलं नाही.

बाहेर रस्त्यावर यांचं लक्ष गेलं. "अवं, चप्पल कुठं हाय तुही?"

"गेली वाटते."

"पाहा आता! दिवसभर जपून जपून खर्च केला अन् हे." फुटपाथवर चपला मांडून एक माणूस बसला होता. निळी मीच दाखवली. "मोठी होते तुले," हे म्हणाले. "होऊ द्या," मी म्हटलं.

आता यवतमाळच्या घरी ती दाराबाहेर असते. सकाळी दार उघडलं की वाटतं, कोणीतरी चप्पल काढून आत आलं आहे. मी चहा टाकते. कधी कधी आधण जास्त होतं.

यांना अजून सांगितलेलं नाही, आणि हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून लिहिते. बोट परत लागली तेव्हा हे पुढे गेले होते. माझी चप्पल जागेवरच होती, माय. मी तिला ओलांडून आले.