बाराशे डिग्रीची अंगठी

२ फेब्रुवारी
संकल्प. १४ मार्चला लग्नाला दहा वर्षं होतात. बायकोला अंगठी देणार. विकतची नाही, लॅबमध्ये स्वतः केलेली, कॅल्शियम फॉस्फेटची. आपली हाडं ज्याची असतात तेच. सोनं काय, कोणीही देतं. जेवताना सांगून टाकलं. बायको म्हणाली, आधी स्वयंपाकघरातला नळ गळतोय तो बघ. आनंद व्यक्त करायची तिची पद्धत वेगळी आहे.

९ फेब्रुवारी
ती टीव्ही बघत असताना दोऱ्याने बोटाचं माप घेतलं. साध्या पावडरीची कडी साच्यात दाबली. अगदी मापात. भट्टी बाराशे डिग्रीला, आमच्या विभागप्रमुख मॅडम सांगतात तशी. काम फत्ते.

१० फेब्रुवारी
भट्टीत पावडरीचे कण एकमेकांना चिकटतात आणि वस्तू आकसते. हे मी अकरा वर्षं विद्यार्थ्यांना शिकवतोय. आज आठवलं. अंगठी बायकोच्या करंगळीतही जाईना. मुलीने ती कडं म्हणून बाहुलीच्या हातात घातली. प्रयोग यशस्वी, फक्त गिऱ्हाईक बदललं.

१८ फेब्रुवारी
साचा मोठा घेतला. पांढरा रंग दवाखान्यासारखा दिसतो, म्हणून चिमूटभर मँगनीज घातलं. सुंदर निळी झाली. उत्साहाच्या भरात भट्टी गार होण्याआधीच दार उघडलं. टक्‌ असा आवाज आला. आता माझ्याकडे दोन अर्ध्या अंगठ्या आहेत.

२६ फेब्रुवारी
मॅडमनी विचारलं, एवढी पावडर कुठे जाते? म्हटलं, अ‍ॅडिटिव्हचा अभ्यास चालू आहे. यात खोटं काहीच नाही.

३ मार्च
खरा मुद्दा मजबुतीचा. हाडांसाठी डॉक्टर काय देतात? कॅल्शियम. मग पावडरीत जादा कॅल्शियम घालायचं. इतकी सोपी गोष्ट आजवर कोणाला सुचू नये, कमाल आहे. मॅडमकडे सहज विषय काढला. त्या म्हणाल्या, जास्तीच्या कॅल्शियमचा भट्टीत चुना होतो, तो हवेतलं पाणी पिऊन फुगतो आणि वस्तूचा आतून भुगा करतो. बाई फार पुस्तकी आहेत, हे रात्री बायकोलाही सगळं ऐकवलं. मी सढळ हाताने घातलं. तापमानही तेराशे केलं, उगाच हात आखडता का घ्यायचा?

९ मार्च
तयार! निळी, गुळगुळीत, मापात. टेबलावर आपटून पाहिली. टेबलाचा टवका उडाला.

१४ मार्च
सासू-सासरे जेवायला. अंगठी देताना मी छोटंसं भाषण केलं: सोनं झिजतं, हाड टिकतं. सासऱ्यांचा डोळा लागला. बायको नंतर दोनदा हात दिव्याखाली धरून बघत होती. इतकं बरं वाटलं, की नळ उद्याच दुरुस्त करायचं ठरवलं.

१९ मार्च
हवा दमट आहे. अंगठीवर केसाएवढी रेघ. बायकोला सांगितलं, मुरतेय. नळाचा वॉशर आणायचा राहिला.

२३ मार्च
भांडी घासताना तिच्या बोटातच अंगठीचा भुगा झाला. ती ओला हात तसाच धरून उभी राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. अंगठी तिला खरंच आवडली होती, हे मला तेव्हा कळलं आणि फार वाईट वाटलं. साबणात काहीतरी दोष असावा, असं मी म्हणणार होतो. म्हणालो नाही.

मग ती आत जाऊन मुलीची बाहुली घेऊन आली. बाहुलीच्या हातातलं पांढरं कडं काढून गळत्या नळाखाली धरलं, ओट्यावर खणखणीत आपटलं. काही झालं नाही. तिने ते पुसून बाहुलीला परत घातलं.

"हिच्या नवऱ्याने मॅडमचं ऐकलं होतं," ती म्हणाली.

मी पाना शोधायला गेलो.