दीड मिलिमीटरची अख्खी प्रजाती

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार, आणि या वेळी तो शब्दशः आहे. तीन दिवस आम्ही सगळे प्रयोगशाळेच्या फरशीवर पालथे आहोत. हे पत्रही तिथूनच लिहिते आहे. तुमची मान कशी आहे? (दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावणाऱ्या माणसाने मानेला जपावं, असं मामी म्हणते.) दवाखाना शुक्रवारी उघडा असतो ना? सहज विचारलं.

घडलं ते असं. वीस कोटी वर्षांपूर्वी उंदराएवढा एक प्राणी होता, सस्तन प्राण्यांचा लांबचा चुलता. त्याची अख्खी प्रजाती आज एका दातावरून ओळखली जाते: लांबी दीड मिलिमीटर, टोकं तीन. तो दात सोमवारी माझ्या टेबलावरून नाहीसा झाला. (एवढे बारीक दात चिमट्यात फुटतात, म्हणून आम्ही ब्रशचं टोक जिभेवर ओलं करून त्याने उचलतो. पद्धत सरांनीच शिकवलेली.) शनिवारी बाहेरचे तज्ज्ञ तो तपासायला येणार आहेत. दात नसेल तर सरांचं अकरा वर्षांचं काम गेलं, आणि माझी नोकरीही.

व्हॅक्यूम क्लीनरची पिशवी फाडून चाळली. सरांचं हरवलेलं बटण मिळालं. वॉचमनच्या बुटांचे तळवे झाडले. तो म्हणाला, "मॅडम, माझे स्वतःचे चार पडले तेव्हा कोणी वाकूनसुद्धा बघितलं नाही हो!" चित्रं काढणाऱ्या ताईंना सर्दी आहे, म्हणून त्यांना जिन्यात बसवलं आहे. सर काल भिंतीकडे बघत म्हणाले, "एकदा नामशेष झाला होता बिचारा, आपण दुसऱ्यांदा केला." मी काही बोलले नाही. बोलायला तोंड उघडावं लागतं.

मामीला नमस्कार. आईला पत्र दाखवू नका.

तुमची भाची

ता. क. दोन वर्षांपूर्वी माझ्या डावीकडच्या खालच्या दाढेतला खड्डा दाखवून तुम्ही म्हणाला होतात, "भरून घे, नाहीतर काहीतरी अडकून बसेल." बसलं आहे. जिभेला तीन टोकं मोजता येतात. सोमवारपासून पातळच खाते, तेही उजवीकडून. (वीस कोटी वर्षांत त्याला कीड लागली नाही, आता लागली तर कारण लिहून द्यावं लागेल.)

ता. ता. क. शुक्रवारचा पहिला नंबर माझा धरा. पाण्याचा फवारा मारायचा नाही. दाढ काढावीच लागली तर काढा, पण दोन्ही वेगवेगळ्या डब्यांत द्या. तीन टोकांचा दात संग्रहालयाचा, किडलेली दाढ माझी. लेबलं मी लिहून आणते.