कोपऱ्यावरचं ऐतिहासिक कारंजं

ता. ३ मार्च

चि. छबीस,
अ. उ. आशीर्वाद.

तू लिहिलेला शहरातल्या सार्वजनिक कारंज्यांचा इतिहास पोचला. पहिली कारंजी घोड्यांसाठी, मग माणसांसाठी आणि आताची फोटोसाठी, हे न्हाव्याला वाचून दाखवलं. तो एवढा हसला की माझी अर्धी मिशी गेली.

आपल्या कोपऱ्यावरच्या कारंज्याला तू ‘ऐतिहासिक’ म्हटलंस, गल्लीची मान ताठ झाली. पण परवा नगरपालिकेची माणसं आली, भोवती कुंपण घातलं आणि पाणी बंद करून गेली. ऐतिहासिक दगड पाण्याने झिजतो म्हणे! आता चांभार, भाजीवाली, शाळेतली पोरं कोरड्या घशाने इतिहासाकडे बघत बसतात. उन्हं तापलीत. काहीतरी कर गं बाई.

काकूचा आणि माझा जीव तुझ्याकडे लागलाय.
तुझा काका

ता. ११ मार्च

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

चूक माझीच. आपल्या गल्लीचं नाव व्हावं म्हणून तो शब्द मी लाडाने घातला. नगरपालिकेतल्या साहेबांकडे गेले, तर ते म्हणाले, ऐतिहासिक कारंज्याला पाणी लागतंच असं नाही. दर्जा काढायचा तर जुन्या रहिवाशांनी समितीपुढे सांगायला हवं, की इथे कधीच काही घडलेलं नाही. तेवढं कराल ना? आणि मिशीचं वाईट वाटलं. काकूला नसेल वाटलं.

रागावू नका, माया असू द्या.
तुमची छबी

ता. २० मार्च

चि. छबीस,
अ. उ. आशीर्वाद.

समिती आली, बाटलीतलं पाणी पीत सावलीला बसली. चांभार म्हणाला, इथे काही घडत नाही, गिऱ्हाईकसुद्धा येत नाही. मग माझी पाळी. मी ठणकावून सांगितलं, उभा जन्म इथे गेला, सांगण्यासारखं काही घडलं नाही.

आणि शेजारी तुझी काकू! लग्नाआधी मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते याच कारंज्यावर. तिला विचारलं तेव्हा खाली मान घालून म्हणाली, हे म्हणतात ते खरं आहे. घरी येताना माझ्यापुढे दहा पावलं चालली.

काल कुंपण निघालं, पाणी सुटलं. सगळी गल्ली धावली. काकू सर्वांत पुढे. तिने ओंजळ भरली आणि मला वाटलं पिणार, तर सगळ्यांदेखत माझ्या डोक्यावर ओतली! भाजीवालीने टाळ्या वाजवल्या.

समितीला यातलं काही कळवू नकोस. पुन्हा कुंपण घालतील.

आहेस तशीच आमची राहा.
तुझा ओलाचिंब काका