वाघाचं मरण आणि विंगेतला जिवाणू

आदरणीय गुलाबभाऊ,

तुम्हाला आणि वहिनींना सप्रेम जयभीम. गुडघा कसा आहे? नाटकांचा हंगाम असताना वडसा सोडून डॉक्टरकडे जाणं तुमच्याच्यानं होणार नाही हे माहीत आहे, तरी मावसभाऊ म्हणून विचारणं माझं काम. इकडे आम्ही मजेत आहोत. म्हणजे दिव्यानी मजेत आहे, मी जळतो आहे. तुमच्या दुकानातून नेलेला वाघाचा पोशाख बसच्या ड्रायव्हरजवळ परत पाठवतोय, त्याच गाठोड्यात ही चिठ्ठी. फोनच केला असता, पण शाळेत शेजारी हेमराजसर असतात आणि घरी ही.

हेमराजसर म्हणजे आमचे मराठीचे शिक्षक. कविता गाऊन शिकवतात. त्यांच्या तासाला दुसऱ्या वर्गातली पोरं खिडकीला लोंबकळतात आणि माझ्या विज्ञानाच्या तासाला माझीच पोरं खिडकीबाहेर बघतात. (परिसंस्थेच्या धड्यात आहे की ऊर्जा एका पायरीवरून पुढच्या पायरीवर जाताना दहा टक्केच उरते. माझं बोलणं पहिल्या बाकावरून शेवटच्या बाकावर जाताना तेवढंही उरत नाही.) मला त्यांचा हेवा वाटतो, भाऊ, स्पष्टच लिहितो. म्हणून यंदा स्नेहसंमेलनात नववीचा हाच धडा नाटकातून शिकवायचं मी ठरवलं. आपल्या झाडीपट्टीतलं पोर चालायच्या आधी नाटक बघतं. फळ्यावर कळत नाही ते मांडवात कळेल, असा माझा हिशेब.

पण पात्रं वाटताना पंचाईत झाली. सगळ्या वर्गाला वाघच व्हायचं होतं. अन्नसाखळीत खाली गवत खूप, त्यावर चितळं थोडी आणि वर वाघ एखादाच, हे मी मनोरा काढून समजावलं. तरी गवत व्हायला कोणी तयार होईना. आमच्या गावचे मुखरूभाऊ तर शाळेतच आले. म्हणाले, “माह्या पोरीले गवत काऊन बनवून राह्यले, सर? घरी धान, शाळेत बी गवतच?” मी म्हटलं, धानसुद्धा गवतच, आणि गवत म्हणजे उत्पादक, उन्हापासून अन्न तयार करतं, बाकी आपण सगळे त्याच्या जिवावर जेवतो. त्यावर ते म्हणाले, “मंग तुमीच बना न गवत.” शेवटी भांडण नको म्हणून वाघ मी झालो. (मला आधीपासून व्हायचंच होतं, हे तुमच्यापाशी ठेवा.)

तेवढ्यात मुख्याध्यापिका सुगंधाबाई म्हणाल्या, “हेमराजसरायले बी घ्या न, आवाज चांगला हाये त्यायचा.” बाईंना नाही कसं म्हणणार? रात्रभर विचार करून मी त्यांना जिवाणूचं काम दिलं. जिवाणू हा विघटक, मेलेल्या जिवाला कुजवून मातीत मिसळणारा; पण मुख्य म्हणजे तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तेव्हा शास्त्राला धरून त्यांनी विंगेत बसायचं, पोशाख नाही, उजेड नाही. एवढा सुंदर डाव मी आयुष्यात टाकला नव्हता.

नाटक दुपारी सुरू झालं. ऊर्जा म्हणून मुरमुरे घेतले होते. गवतानं टोपलीभर चितळाला द्यायचे, चितळानं पळण्यात-जगण्यात बहुतेक संपवून मूठभर वाघाला ठेवायचे. चितळ झालेल्या विक्कीनं ती मूठही खाऊन टाकली. पुढे माणसं जंगल तोडतात, गवत संपतं, चितळं मरतात आणि उपाशी वाघ मरतो. मी मन लावून मेलो, भाऊ. आधी मागचे पाय, मग कंबर, मग एक डरकाळी, मग अर्धी. मुखवट्यात घाम डोळ्यांत जात होता, म्हणून डोळे मिटून पडलो. आणि विंगेतून आवाज आला, “ये राजा, सारं जंगल तुले भेत होतं. आता मी तुले जेवून राह्यलो.” माईकवर! मंचावर कोणाला माईक नव्हता, पण ‘दिसत नाही त नीट ऐकू तरी येऊ द्या’ म्हणून मंडपवाल्यानं एकुलता एक माईक जिवाणूला दिला होता. वर त्यांनी गाणंही गायलं. मांडवात हशा, शिट्ट्या, टाळ्या आणि वन्समोर! मला उठून पुन्हा मरावं लागलं, कारण वाघ मेल्याशिवाय जिवाणूला काम मिळत नाही. स्वतः मरून दुसऱ्याला टाळ्या मिळवून देणं काय असतं, ते मला विचारा. घरी आलो तर दिव्यानी भात वाढताना तेच गाणं गुणगुणत होती.

आता हे नाटक गडचिरोलीच्या महोत्सवात जाणार आहे आणि पोरांसोबत शिक्षक एकच चालतो. धडा माझा, नाटक माझं, आणि जिवाणू म्हणून हेमराजसर गेले तर मी वर्गात कोणत्या तोंडानं उभा राहू? बाकी क्षेम. वहिनींना नमस्कार.

तुमचा,
प्रफुल

ता. क. विक्कीचा पाय पडून शेपूट उसवली होती. काळ्या दोऱ्यानं शिवली आहे, शिवण लांबून पट्ट्यासारखी दिसते.

ता. क. २. खरं काम हे : पोशाख कापून विक्कीच्या मापाचा करा. वाघ तो होईल, विंगेत माईक घेऊन मी बसेन. दिव्यानी बाजाराला गेली की गाण्याचा सराव करतो.

ता. क. ३. गुलाबभाऊजी, मी दिव्यानी. गाठोडं बांधताना वाचलं. पोशाखाले कात्री लावू नका. वन्समोर गाण्याले नाई, यायच्या वाघाच्या मरणाले होता. हेमराजसर दिसतच नव्हते, त लोक पाहत कोणाले होते? पयल्या मरणाले मी हसली, दुसऱ्याले डोळे भरून आले. सुगंधाबाईनं यायचंच नाव कालच पाठवलं, वाघ म्हणून. पण वन्समोरचं यायले सांगू नका. कळलं त गडचिरोलीत मराले अर्धा घंटा लावतीन, अन् पोरायची शेवटची बस चुकन.