वीस तारखेचा ठिपका

१४ ऑक्टोबर
दहा वाजता ठिपका मारला. ऊन कडक, वारा फार. नेलपॉलिशची तिसरी बाटली संपत आली. नमाजाआधी पाच वेळा वजू करणाऱ्या, नखाला पाणी लागायलाच हवं अशा बाईच्या घरात नेलपॉलिशच्या तीन बाटल्या! बाटलीवर म्हटलंय, रंग टिकतो. जुलैत जेद्दाच्या गच्चीवर ठेवून बघा म्हणावं.
उतरताना जिन्यात रफिक. बिल्डिंगचा राखणदार, बांगलादेशी. गच्चीची किल्ली त्याच्याकडेच. "भाभी, और कितना बाकी?" म्हटलं, तीन महिने सहा दिवस. अख्ख्या अझीझिया मोहल्ल्यात माझ्या वेडाची चौकशी करणारा हा एकच. घरात ह्यांच्या लेखी ती "रांगोळी".

१७ ऑक्टोबर
ते पुस्तक परत वाचायला काढलं. ह्यांच्या घड्याळ-चष्म्याच्या दुकानात यायचा तो म्हातारा अमेरिकन इथून जाताना देऊन गेला होता. पोटापाण्याचं आटपून भलतंच काही करत बसणाऱ्या अमेरिकनांबद्दल आहे. बेडकांचे आवाज टिपणारा पोस्टमन, दुर्बिणीची काच घासणारा दातांचा डॉक्टर, सत्तरीत चित्रं काढायला लागलेली शेतकरीण. दोघं जमले की लगेच क्लब काढतात, फी ठेवतात, भांडतात. आपल्यासारखेच.
आणि माझी ती बाई. स्वैपाकघराच्या खिडकीत पत्र्याला भोक पाडून रोज घड्याळाच्या एकाच ठोक्याला फरशीवर उन्हाची खूण करणारी. वर्ष संपलं तेव्हा फरशीवर लांबट इंग्रजी आठ. सूर्याने काढलेला, तिने फक्त हात दिला. ते चित्र बघितलं आणि मी गच्चीतल्या जुन्या टीव्ही-डिशच्या पायपाला वॉशर बांधला. वॉशरच्या भोकातून जमिनीवर उजेड पडतो, तिथे रोज दहाला ठिपका. पहिला २० जानेवारीला. येत्या २० जानेवारीचा त्याच्यावर येऊन बसला की आठ पुरा.
उन्हाळ्यात गावी गेले नाही ते यासाठीच. ह्यांना म्हटलं, तिकिटं महाग आहेत. खोटं नव्हतंच.

२३ ऑक्टोबर
दोन वर्षं नुसतं सौदायझेशन, सौदायझेशन ऐकत होतो. आता ह्यांच्या दुकानाचा नंबर लागला. काउंटरवर सौदीच हवा. माणूस आलासुद्धा. अब्दुल्ला, चाळिशीचा, आधी टॅक्सी चालवायचा. ह्यांनीच त्याला शिकवायचं. घड्याळाचा सेल कसा बदलायचा, काच फ्रेमला कशी बसवायची.
जेवताना म्हणाले, "चांगला हाय गो माणूस. वाईट असता तर बरा झाला असता."

११ नोव्हेंबर
सकाळपासून पाऊस. शाळा बंद. दहाला उन्हाचा पत्ता नाही. आजची जागा रिकामी सोडली.
सानिया सोबत वर आली होती. आठवीत गेल्यापासून मराठीत उत्तर देणं तिला कमीपणाचं वाटतं. "अम्मी, जस्ट पुट इट इन द मिडल. हू विल नो?"
म्हटलं, बघितलं नाही ते मारायचं नाही.
"बट यू नो व्हेअर इट गोज!"
माहीत आहे. कालच्या आणि उद्याच्या मधे, डोळे मिटून दाखवीन. माहीत आहे म्हणूनच मारायचा नाही. हे तिला धड सांगता आलं नाही, उगाच ओरडले. हे रात्री विचारत होते, पोर का रुसलीय. तिनेच सगळं सांगितलं. हसले दोघं माझ्यावर.

२२ नोव्हेंबर
ह्यांना तबूकला, पार उत्तरेत, काम मिळतंय. चष्म्याच्या काचा घासायचं वर्कशॉप, गिऱ्हाइकासमोर यायचं नाही म्हणून बाहेरचा माणूस चालतो. पण फॅमिली ठेवता येणार नाही. म्हणजे हे तिकडे, सहा जणांच्या खोलीत, आणि आम्ही दोघी गावी.
"कधी?"
"तुमचा दोघींचा इकामा अकरा जानेवारीला संपतो, पुढे हितं राहायचा परवाना नाय. त्याच्या आधी."
आणि मी मनात मोजलं, नऊ ठिपके राहतात. आधी ठिपके मोजले. नवरा लांब राहणार, पोरीची शाळा अर्ध्या वर्षात तुटणार, हे नंतर सुचलं. लाज वाटली. अजून वाटतेय.

३ डिसेंबर
अकरा दिवस धीर होत नव्हता. आज विचारलं. "तिकीट एकवीसचं नाही का होणार?"
"का?"
सांगितलं.
 हे सुटलेच. "लोकांची बिऱ्हाडा उठलायत नि तुला ठिपक्यांचा पडलाय! पासपोर्ट हापिसात, जवाजातच्या खिडकीवर जाऊन काय सांगू, माझ्या बायकोची रांगोळी राहिलीय?"
मीही तोंड सोडलं. म्हटलं, चौदा वर्षं माझ्या इकाम्यावर काय लिहिलंय? मुराफिक. सोबत आलेली. डी.एड. लग्नासाठी सोडलं. इथे शिवणाचा क्लास सानिया झाली म्हणून सोडला. अरबी शिकत होते, घर बदललं म्हणून सोडलं. एक गोष्ट, एक, या गावात शेवटापर्यंत नेऊ द्या मला.
 हे म्हणाले, "चाय ठेव."
ठेवला नाही.

६ डिसेंबर
अबोला. दहाचा ठिपका मारला. रागाने दाबून मारला, थोडा मोठा झाला.

२१ डिसेंबर
शुक्रवार. आठचं टोक आलं. चार दिवस ठिपके जवळजवळ एकमेकांना चिकटून, आता परत वळणार. पुस्तकात वाचलेलं, तरी बघताना अंगावर काटा आला.
मागे चपलांचा आवाज. हे. वर्षात पहिल्यांदा वर आले. उकिडवे बसले, घड्याळ उघडल्यावर बघतात तसं डोळा बारीक करून ओळ बघत गेले. नोव्हेंबरवर थांबले. "हा एक राहिला."
"पाऊस होता त्या दिवशी."
"हां. सानिया बोललेली." मग, "टाइम कशावर बघतंस?"
"मोबाइलवर."
"मोबाइल बरा. भिंतीवरचा मागे पडतो."
एवढंच. खाली आल्यावर चहा ठेवला.

३० डिसेंबर
आम्हा दोघींच्या पासपोर्टवर एक्झिटचा शिक्का लागला. तिकीट ९ तारखेचं, संध्याकाळचं. म्हणजे अकरा कमी.
ह्या वेळी मी मागितलं नव्हतं. अल्लाशप्पथ नव्हतं. हे स्वतःच म्हणाले, "मी पंचवीसपर्यंत हाय हितं. दुकानाचा सगळा अब्दुल्लाच्या हवाली करीस्तोवर. मी मारीन."
"दहा म्हणजे दहा हां."
"घड्याळवाल्याला टाइम शिकवतंस?"
किती दिवसांनी हसलो. पण आत धाकधूक आहेच. ह्यांना माणसांची कीव येते, वस्तूंचीही येते. बंद पडलेलं घड्याळ गिऱ्हाइकाला "होईल होईल" म्हणत ठेवून घेतात.

५ जानेवारी
फ्रिज गेला, सोफा गेला. सानिया कोणाशी बोलत नाही, मैत्रिणीच्या नावाचं ब्रेसलेट हातातून काढत नाही. तिच्याजवळ बसले तर म्हणाली, "यू आर ओन्ली सॅड अबाउट युअर डॉट्स."  तिला जवळ ओढलं, तिने ओढू दिलं.

९ जानेवारी
माझा शेवटचा. दहा वाजता, आकाश स्वच्छ. मुद्दाम लहान मारला. ओळ आता पहिल्या ठिपक्याच्या इतकी जवळ आलीय की मधे माझा पंजा बसतो. ठेवून बघितला. जमीन गरम होती.
बाटली ह्यांच्या हातात दिली. रफिकलाही सांगितलं, भाईसाब को किल्ली देना, रोज. "भाभी, फिकर नहीं."
विमानतळावर हे सानियाला धरून रडले. माझ्याकडे बघितलं नाही, बघितलं असतं तर मी गेलेच नसते.

१० जानेवारी
पेणच्या पुढे, गाडीत. आपले साडेबारा म्हणजे तिकडचे दहा. १२.३३ ला फोटो. ठिपका! ओळीत, थोडा जाड. मोबाइल सानियालाही दाखवला. बघितला तिने.

११ जानेवारी
सासरी. पाहुण्यांची रीघ, प्रत्येकीचा एकच प्रश्न, आता कायमच्या का? साडेबाराला मागच्या पडवीत जाऊन बसले. फोटो आला. ठिपका ओळीच्या किंचित बाहेर. खाली लिहिलेलं, "किल्ली मिळायला उशीर. दहा चार झाले. लिहून ठेव."
लिहून ठेवलं. चौदा वर्षांत ह्यांनी मला दिलेल्या सगळ्या वस्तूंत ही चार मिनिटं वरची. खोटं लिहिता आलं असतं. ठिपका ओढून ओळीत घेता आला असता.

१२ जानेवारी
साडेबारा. फोटो नाही. एक वाजला. सासूबाई म्हणतात, "पोरी, जेव तरी."
दीडला आला. मी बघतच राहिले. पुरा आठ. कुठे फट नाही, वीस तारखेचा ठिपका पहिल्यावर अगदी बरोबर बसलेला. असा देखणा की डोळ्यांत पाणी आलं, खरंच आनंदाचं. मग तारीख आठवली.
खाली लिहिलंय, "तबूकवाल्यांनी उद्याच हजर व्हायला सांगितलंय. सातच्या बसने निघतो. आजचा बरोबर दहाला मारला. पुढचे आठ अंदाजाने, पण अंदाज पक्का आहे. झालं तुझं पुरं. आता तरी खूश हो."
सामान बांधायचं टाकून हा माणूस उन्हात गुडघ्यांवर बसला. तासभर. त्या बारीक हाताने एकेक ठिपका जोखून मारला, माझ्यासाठी. यापेक्षा जास्त कोणी कोणासाठी काय करतं? आणि तरी मी बोटाने फोटो मोठा करून नवे ठिपके मोजले. ते आठ मी बघितले नाहीत, ह्यांनी बघितले नाहीत, सूर्यानेही अजून मारलेले नाहीत.
अजून वेळ आहे. रिमूव्हरची बाटली तिकडच्या न्हाणीघरात राहिलीय. ह्यांनी आठ पुसले आणि नेलपॉलिश रफिककडे दिलं, तर रफिक उद्यापासून मारील. मारील तो. फक्त एक शब्द लिहायचा, पुसा.
लिहिला. पाठवला नाही. "छान झालंय" लिहिलं. तेही नाही.
मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा तिकडे दिसल्या असणार. तीन वाजलेत. ह्यांचा फोन वाजतोय. सासूबाई आतून ओरडतायत, "उचल गो, पोराचा असंल."
उचलते.